ओवीच्या नावापुढचा शेरा

रविवार, ९ नोव्हेंबर. दुपारचे अडीच. कडाव, आमच्या घराची ओटी.

हजर: ओवी, वय पाच, गोधडीवर झोपलेली. तिची आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, भिजवलेले वाल सोलत बसलेल्या. ओवीचे बाबा मागे गोठ्यात, हाकेच्या अंतरावर. आणि मी, मनीषा, वय चव्वेचाळीस, साजगावच्या एका कारखान्यात स्टोअरला कामाला, पुढच्या आठवड्याच्या कामांची यादी करत बसलेली.

यादीतलं सातवं काम होतं: ‘ओवीचा आळस. काय करायचं?’

हे आधीच सांगून टाकते. पुढे मी बऱ्याच लोकांवर तोंड सोडणार आहे, तेव्हा हे कुठेतरी लिहिलेलं असावं.

“मनीषा, इकडं ये गं जरा. ही पोर श्वास घेत नाय.”

“घेते हो. केवढ्याने घोरतेय, ऐकू येत नाही का?”

“घोरत होती. आता गप हाय. बघ तरी येऊन.”

मी पेन खाली न ठेवताच गेले. ओवीचं तोंड उघडं, मान मागे ताणलेली. गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता, पोट वर-खाली होत होतं, पण नाकातोंडातून काहीच येत-जात नव्हतं. मी घड्याळाचा सेकंदकाटा धरला. आठ. नऊ. दहा. अकरा. मग तिचं सगळं अंग हिसका बसल्यासारखं हललं, तिने बुडताना वर आल्यासारखा श्वास ओढला आणि घोरणं परत सुरू झालं. ती जागीही झाली नाही.

स्टोअरमध्ये माल मोजताना आम्ही चार उभ्या रेघा काढतो आणि पाचवी आडवी मारतो. मी यादीचा कागद उलटा केला आणि मोजायला बसले. अर्ध्या तासात अशा चार जुड्या भरल्या आणि वर तीन रेघा.

सासूबाई वालाची सालं हातात घेऊन तशाच बसल्या होत्या. “दोन महिनं सांगते तुला. ही पोर आळशी नाय, दमलेली हाय.”

सांगत होत्या. मी ते आजीच्या लाडांत धरलं होतं.

सात याद्या

लग्नानंतर बारा वर्षांनी ओवी झाली. माझ्या ओळखीचे सगळे म्हणतात की या मुलीचं काही म्हणजे काही माझ्या नजरेतून सुटत नाही. खरंच सुटत नव्हतं. औषधांच्या वहीत होतं: महिन्यातून दोनदा सर्दी, घसा. धुण्याच्या यादीत होतं: चादर पुन्हा ओली, उशी घामाने भिजलेली. जेवणाच्या पानावर होतं: घास तोंडात धरून बसते, भाकरी चावत नाही, फक्त मऊ भात. पाहुणे येऊन गेल्यावर मी लिहिलं होतं: नाकात बोलते, सुधारायला हवं. सकाळच्या कामांत होतं: उठवायला अर्धा तास, चिडचिड. दवाखान्याच्या कागदावर: वजन वाढत नाही. आणि आठवड्याच्या कामांत: आळस.

सात ठिकाणी सात गोष्टी, सगळ्या माझ्याच अक्षरात. एका पानावर मात्र कधीच नाही. आणि मी गोष्टी लिहिते त्या लक्षात राहाव्यात म्हणून नाही. लिहून ठेवलं की डोक्यातून काढून टाकता येतं, म्हणून लिहिते. या सवयीने मला पुढे कुठे नेऊन उभं केलं ते सांगेनच.

तुमच्या घरी लहान मूल असेल तर एवढं करा. झोप, श्वास, जेवण, अंथरूण, स्वभाव, सर्दी हे सगळं एका कागदावर एकाखाली एक लिहा आणि तो कागद घेऊन डॉक्टरकडे जा. मी गेले तेव्हा डॉक्टरांनी कागद वाचायच्या आधीच टॉर्च काढला होता.

टॉर्च

खोपोलीच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ओवीला “आ कर” म्हटलं, आत उजेड टाकला आणि मला जवळ बोलावलं. “या, तुम्हीही बघा.”

घशात दोन्ही बाजूंनी दोन गोळे आलेले, मध्ये जेमतेम पेन्सिल जाईल एवढी फट. नाकाच्या मागे अशीच आणखी एक गाठ असते, अॅडिनॉइड म्हणतात, ती मानेच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेत दिसली. झोपेत स्नायू सैल पडले की उरलेली फटही मिटते. नंतर झोपेत बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून तपासणी झाली. अहवाल वाचून डॉक्टर ओवीकडे बघत म्हणाले, “ही झोपतच नाही. ही आठ तास बोरघाट चढते आणि सकाळी तुम्ही हिला शाळेत पाठवता.”

मी त्या क्षणी रडले नाही. मला राग आला. आधी गाठींचा, मग तिला दोन वर्षं सर्दीचं औषध देणाऱ्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा, मग ‘किती गाढ झोपते हो, नशीबवान आहात’ म्हणणाऱ्या शेजारणीचा, मग सगळ्यांचाच. रागाने माझं काम नेहमी चांगलं होतं. त्याच दिवशी ऑपरेशनसाठी कारखान्यात रजेचा अर्ज टाकला.

ओवीचे बाबा मात्र अडून बसले. “मोठेपणी आपोआप बसतात म्हणतात ना हे टॉन्सिल? बारा वर्षांनी झालेली पोर हाय. मी नाय तिला सुरीखाली घालणार.”

“आणि तोपर्यंत?”

“तोपर्यंत कुशीवर झोपवू.”

मी वाद घातला नाही. रेघांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला, पेन दिलं आणि म्हटलं, “आज दुपारी तुम्ही मोजा.”

ते ओवीशेजारी मांडी घालून बसले. एक रेघ. दोन. तिसऱ्या वेळी ती जरा जास्तच वेळ थांबली, तसं त्यांनी पेन ठेवलं, तिला खांद्याला धरून हलवलं आणि उठून गोठ्यात निघून गेले. परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि हाताला शेणाचा वास होता.

“तारीख कदीची देतात?” एवढंच विचारलं.

ऑपरेशनचा दिवस

डिसेंबरचा दुसरा आठवडा, पनवेलचं एक रुग्णालय. सकाळपासून ओवीला पाणीसुद्धा द्यायचं नव्हतं. म्हणून आम्ही तिघांनीही तिच्यासमोर पाणी प्यायलं नाही. सासूबाई तर घरून निघाल्यापासून गूळ-पाण्यावाचून होत्या, आणि सगळ्या वॉर्डाला तसं सांगतही होत्या.

भीतीबद्दल फार लिहीत नाही. ज्याने मुलाला त्या दारातून आत जाताना पाहिलं आहे त्याला सांगायची गरज नाही, आणि ज्याने पाहिलं नाही त्याने आधी घाबरून काय मिळवायचं? दोन उपकार मात्र नोंदवते. भूल देणाऱ्या बाईंनी ओवीला मास्क दाखवून सांगितलं, “यात फुगा लपलाय, तू फुंकलंस की मोठा होतो, बघूया कोणाचा मोठा होतो.” ओवी रडत आत गेली नाही, शर्यत लावून गेली. आणि एका सिस्टरने नियम मोडून सासूबाईंना खाटेशी बसू दिलं. त्या सिस्टरचं नाव मी विचारून घेतलं आहे. माझ्याकडे चांगल्या लोकांचीही एक यादी आहे, पण ती छोटी आहे.

मी डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं होतं की काढलेलं मला दाखवा. ते खरंच स्टीलची छोटी थाळी घेऊन बाहेर आले. सुपारीएवढे दोन मांसाचे गोळे आणि थोडासा चुरा. एवढ्याशा ऐवजाने माझ्या मुलीचा गळा दाबून धरला होता.

“बाटलीत घालून द्या,” मी म्हटलं.

“कशाला?”

“रोज सकाळी बघीन.”

डॉक्टरांनी ओवीच्या बाबांकडे पाहिलं. ओवीच्या बाबांनी छताकडे पाहिलं. बाटली मिळाली नाही.

ओवीला बाहेर आणलं. ती रडली, थोडं लाल थुंकली, पाय झाडले आणि मग झोपली. सासूबाई एकदम उभ्या राहिल्या.

“मनीषा, आवाज नाय गं!”

त्यांनी हात तिच्या नाकाखाली धरला. तसाच धरून ठेवला. मग माझा हात ओढून तिथे नेला. ऊन ऊन वारा तळव्याला लागत होता. येत होता, जात होता. तोंड मिटलेलं. पाच वर्षांची मुलगी तोंड मिटून झोपते हे आम्ही तिघांनी पहिल्यांदाच पाहिलं आणि भर दुपारी, बाहेर डबेवाले आणि नातेवाईक ओरडत असताना, तासभर काहीही ऐकू न येणं ऐकत बसलो.

संध्याकाळी थंड दुधाचा पेला अर्धा झाल्यावर ती बोलली. आवाज बारीक, नवाच.

“आई, आता मला उभं नाही ना करणार?”

“कोण उभं करतं तुला?”

“टीचर. झोप आली की खिडकीपाशी. मग मी उभी उभी झोपते. मग पडते. मग सगळे हसतात.” मग पेल्यातल्या दुधाकडे बघत, “मी आळशी आहे ना, म्हणून.”

दिवाळीच्या आधी मिळालेल्या प्रगतिपुस्तकात हाच शब्द होता. शेरा: ‘आळशी आहे. वर्गात झोपते.’ तेव्हा मी त्याखाली सही केली होती. आता मी पिशवीतून वही काढली, नवं पान उलटलं आणि वर लिहिलं: ‘बघून घ्यायची यादी’.

घरचे पंधरा दिवस

ज्यांच्या घरी हे ऑपरेशन व्हायचं आहे त्यांच्यासाठी. घशात पांढरे डाग दिसतात, तोंडाला वास येतो, कान दुखतो म्हणून मूल रडतं. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून आम्ही निभावलो. तुम्हीही सगळं आधीच विचारून घ्या, रक्त आलं तर कुठे आणि किती लगेच यायचं तेसुद्धा. दुखण्याचं औषध वेळ चुकवू नका. गार दूध, मऊ भात, आइसक्रीम. आणि लाल रंगाचं काही देऊ नका. सहाव्या दिवशी सासूबाईंनी प्रेमाने लाल बर्फाची कांडी दिली. ओवी माझ्यासमोर येऊन हसली आणि मी तिला उचलून चपला न घालता रस्त्यापर्यंत गेले होते, तेव्हा मागून हाक आली, “अगं, ती कांडी हाय, कांडी!”

तिसऱ्या आठवड्यात ती हाक न मारता सकाळी उठली. भाकरीचा तुकडा चावून खाल्ला. बाबांच्या मागे गोठ्यात पळाली. मी ते सगळं एका पानावर लिहिलं. मग दुसरं पान उघडलं.

यादीतलं पहिलं नाव

पहिलं नाव आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचं होतं. मी एक्स-रे त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी जुना केसपेपर चाळला.

“तुम्ही घोरण्याचं कधी बोललाच नाहीत.”

“तुम्ही विचारलंत?”

“सगळीच मुलं सर्दीत घोरतात हो.”

“दोन वर्षं सर्दी?”

त्यांनी केसपेपर मिटला. मी पिशवीतून आदल्या दिवशी लॅमिनेट करून घेतलेला कागद काढला. त्यावर मोठ्या अक्षरात पाच प्रश्न: तुमचं मूल सर्दी नसतानाही घोरतं का? झोपेत श्वास थांबतो का? तोंड उघडं टाकून, मान ताणून झोपतं का? बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं का? दिवसा पेंगतं किंवा कारण नसताना चिडतं का? खाली: हो असेल तर डॉक्टरांना आजच सांगा.

“हा तुमच्या बाहेरच्या भिंतीवर लागेल,” मी म्हटलं. “मी खिळा आणलाय.”

तो लागला. दर शुक्रवारी कामावरून येताना मी रिक्षा थांबवून बघते. एकदा त्याच्यावर कॅलेंडर टांगलेलं होतं. ते मी काढून कंपाउंडरच्या हातात दिलं. आता तो मला पाहिलं की आपणहून म्हणतो, “हाय ताई, हाय जाग्यावर.”

शेजारणीचं नाव मी खोडलं. तिच्या तोंडून पुन्हा ‘नशीबवान’ निघालं तर परत लिहीन.

यादीतलं दुसरं नाव

दुसरं नाव भोईर टीचर. बालवाडी त्यांचीच, वर्गही त्याच घेतात. याची तयारी मी आठ दिवस केली. फाईल: एक्स-रे, अहवाल, ऑपरेशनचा कागद, प्रगतिपुस्तक. अर्ज दोन प्रतींत. मागण्या तीन. एक, ‘आळशी’ हा शेरा लाल शाईने खोडून त्याखाली सही करावी. दोन, ओवी आळशी नव्हती, आजारी होती, हे वर्गासमोर सांगावं. तीन, आजारी मुलीला रोज उभं का केलं याचं कारण लेखी द्यावं. खरं सांगते, पहिल्या दोन मागण्या ओवीसाठी होत्या. तिसरी माझ्यासाठी होती. मला त्या बाईंचा हात कागदावर थरथरताना बघायचा होता.

जानेवारीतला सोमवार, शाळा सुटल्यावर.

“बसा ना ताई.”

“नको. आमच्या घरात उभं राहायची सवय आहे.”

त्यांचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं. मी अर्ज वाचून दाखवला, प्रत्येक वाक्य, सावकाश. त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून बघितला. मग लाल पेन काढलं आणि शेरा खोडला, एक आडवी रेघ, खाली सही. “वर्गात उद्याच सांगते. मलाच सांगायला हवं होतं आधी.”

“आता तिसरं,” मी म्हटलं. “कारण लिहून द्या.”

त्यांनी लाल पेनचं टोपण लावलं. मग उठून कपाटाकडे गेल्या. पालकांशी चिठ्ठ्या लिहायची प्रत्येक मुलाची एक डायरी असते. सहामाही संपली की ती शाळेत जमा होते आणि नवी मिळते. त्यांनी ओवीची जुनी डायरी काढली, जुलैचं पान उघडलं आणि माझ्यासमोर ठेवली.

निळी शाई. गोल अक्षर. मुद्द्यांना आकडे, आकड्यांभोवती गोल.

१. ओवी आळशी आहे. २. कोणतीही सवलत देऊ नये. ३. वर्गात झोपल्यास उभे करावे.

खाली माझी सही. तारीखसुद्धा, कारण मी तारखेशिवाय काहीच लिहीत नाही.

“पहिला महिना मी तिला बाकावर डोकं टेकू देत होते ताई,” भोईर टीचर म्हणाल्या. आवाजात टोमणा असता तर मला बरं झालं असतं, नव्हता. “मग तुमचं हे आलं. मला वाटलं, आई म्हणतेय म्हणजे विचार करूनच म्हणत असेल.”

मला ते लिहिल्याचं आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. कामावर जायच्या घाईत, एका हातात डबा, दोन मिनिटांत लिहिलं असणार, आणि लिहिलं म्हणजे डोक्यातून गेलं.

“हेही खोडू का?” त्यांनी लाल पेन पुढे केलं.

“नको. डायरी मला द्या.”

मी खुर्चीवर कधी बसले ते मला कळलं नाही. त्यांनी पाणी आणून दिलं. मी प्यायले.

शिल्लक

कोणी असं समजू नये की मी भोईर टीचरना माफ केलं. चिठ्ठी कोणाचीही असो, खिडकीपाशी उभ्या उभ्या पडणारं लेकरू त्यांच्या डोळ्यांपुढे होतं, आणि ‘आई म्हणतेय’ म्हणून त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात सांगितलं, टाळ्याही वाजवून घेतल्या. ओवी घरी येऊन म्हणाली, “मी आजारी होते, माहितीये तुला?” त्यांच्या नावापुढे मी बरोबरची खूण केली, नाव खोडलं नाही. डॉक्टरांचंही नाही. त्यांचे शुक्रवार चालू राहतील.

परवा सासूबाई पुन्हा वाल सोलत बसल्या होत्या. वही माझ्या मांडीवर उघडी होती.

“झालं का गं सगळ्यांना बघून?”

“एक राहिलंय.”

“कोन?”

मी वही मिटली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सालं सुपात झटकली आणि म्हणाल्या, “राहिलं असंल तर लवकर उरक.”

डायरी कपाटात आहे, एक्स-रेच्या पाकिटाखाली. ओवी आता वर्गात जागी असते, त्यामुळे अक्षरं भराभर येतात. स्वतःचं नाव वाचता येतं. ‘आ’ येतो, ‘ळ’ येतो. परवा रिक्षावरचं ‘आई’ वाचून दाखवलं. जूनपर्यंत ती जुलैचं ते पान आपलं आपण वाचेल.

त्याच्या आधी पान तिच्यासमोर उघडायचं आहे, तीनही मुद्दे मोठ्याने वाचायचे आहेत आणि खालची सही कोणाची ते बोट ठेवून सांगायचं आहे. मग पेन तिच्या हातात द्यायचं.

लाल पेन आणून ठेवलं आहे. बाकीचं राहिलं आहे.